प्रकाशाची आठवण

रात्रीं निजण्यापूर्वीं आपण खोलींतला दिवा मालवतों. दिवा गेला तरी क्षणभर त्याची आकृति डोळ्यांपुढें तरळत राहते आणि मग विरून जाते. परंतु त्याच दिव्याच्या उजेडांत वाचलेलें एखादें पत्र वीस वर्षांनींहि आठवतें. प्रकाश एकच, त्याची एक खूण क्षणजीवी, तर दुसरी जन्मभर सोबत करणारी. ज्याला डोळा नाहीं, मेंदू नाहीं, जीवहि नाहीं, अशा द्रव्याला आपल्यावर पडलेल्या प्रकाशाची आठवण ठेवतां येईल काय? आणि ती ठेवतां येत असेल, तर मेंदूच्या धर्तीवर काम करणारें यंत्र त्या आठवणीवर उभारतां येईल काय? गेल्या दीडशें वर्षांत या प्रश्नाला जीं उत्तरें मिळालीं त्यांची हकीगत आज सांगावयाची आहे. या हकीगतींत एक गोष्ट पुनःपुन्हां आढळते. द्रव्याची ही आठवण कोणीं मुद्दाम शोधावयास गेलें नव्हतें. ती बहुधा आपण होऊन पुढें आली, आणि पुढें आली तेव्हां तिच्यावर दोष म्हणून शिक्का मारण्यांत आला.

आठवण या शब्दाचा अर्थ आधीं निश्चित करूं. आपल्या नैयायिकांनीं स्मृतीचें लक्षण सांगतांना संस्कार या शब्दाचा आश्रय केला आहे. अनुभव येतो आणि जातो. मागें उरतो तो संस्कार. तो जागा झाला म्हणजे स्मृति होते. जड द्रव्यालाहि हेंच लक्षण लावून पाहतां येईल. प्रकाश पडला, द्रव्यांत कांहीं फरक झाला, आणि प्रकाश जातांच तें पूर्ववत् झालें, तर तें पालथ्या घड्यावरचें पाणी. प्रकाश गेल्यावरहि फरक उरला, आणि त्या द्रव्याचें पुढील वागणें त्या फरकानें बदललें, तर संस्कार झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. फोटोग्राफीची कला १८३९ सालीं जगापुढें आली तेव्हांपासून प्रकाशाचा असा संस्कार मनुष्याच्या परिचयाचा आहे. परंतु फोटोच्या कांचेवरील संस्कार एकदांच होतो व तो पुसतां येत नाहीं. शिकणाऱ्याला पाटी लागते. शिलालेखावर कोणी बाराखडी गिरवीत नाहीं.

पुसतां येणाऱ्या संस्काराची पहिली चाहूल एका वेगळ्याच धंद्यांत लागली. सेलेनियम हें मूलद्रव्य बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानें १८१७ सालीं शोधून काढलें आणि चंद्राच्या ग्रीक नांवावरून त्याचें बारसें केलें. पुढें समुद्राच्या तळाशीं तारायंत्राच्या तारा टाकण्याचा काळ आला. बोटीवरून तार पाण्यांत सोडीत असतां तिच्यांत कोठें बिघाड झाला तर तो ताबडतोब कळावा लागे, आणि त्या परीक्षेकरितां फार मोठा परंतु स्थिर असा विद्युत्-रोध पाहिजे असे. विलोबी स्मिथ या इंग्रज इंजिनिअरनें या कामीं सेलेनियमच्या कांड्या योजिल्या. त्यांचा रोध मोठा होता खरा, पण स्थिर मात्र नव्हता. एकाच कांडीचें माप एकदां एक येई, एकदां दुसरें. स्मिथ आणि त्याचा सहायक मे यांनीं या लहरीपणाचें कारण शोधलें, तेव्हां असें दिसून आलें कीं कांड्या ज्या पेटींत ठेवल्या होत्या तिचें झांकण लावलें म्हणजे रोध वाढतो, आणि झांकण सरकविलें म्हणजे तो घटतो. अपराधी होता तो खिडकींतून येणारा उजेड. ४ फेब्रुवारी १८७३ च्या पत्रांत स्मिथनें ही गोष्ट कळविली आणि त्याच महिन्यांत ती ‘नेचर’ या साप्ताहिकांत छापली गेली. तारेच्या परीक्षेला निरुपयोगी ठरलेली ही कांडी म्हणजे मनुष्याच्या हातीं आलेला पहिला विजेचा डोळा होय.

परंतु हा डोळा मोठा सुस्त होता. उजेड बंद केला तरी सेलेनियमचा रोध लगेच पूर्ववत् होत नसे. त्याला वेळ लागे. शिवाय कांडी किती वेळ उजेडांत होती यावरहि तिचें पुढचें वर्तन अवलंबून असे. विजेच्या साहाय्यानें दूर अंतरावर चित्रें पाठविण्याच्या खटपटींत जे लोक होते, त्यांना या सुस्तीनें कांहीं दशकें सतावून सोडलें. चित्राचा एक ठिपका पुसला जाण्यापूर्वीं दुसरा येऊन पडे. मागील उजेडाची आठवण हा त्यांच्या दृष्टीनें निव्वळ अडथळा होता, आणि त्यांच्या कामापुरतें तें खरेंहि होतें.

याच दोषाकडे वेगळ्या नजरेनें पाहणारा एक पुरुष त्या काळीं आपल्या देशांत होता. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस हे विद्युल्लहरींवर प्रयोग करीत असतांना त्यांना असें आढळलें, कीं लहरी ग्रहण करणारें उपकरण सतत वापरलें म्हणजे थकतें आणि विश्रांति मिळाली म्हणजे ताजें होतें. दुसऱ्या कोणीं उपकरण सदोष म्हणून फेकून दिलें असतें. बोसांनीं तो थकवाच अभ्यासाला घेतला. शिशाचें गॅलेना नांवाचें खनिज वापरून त्यांनीं असें ग्राहक तयार केलें, कीं जें अदृश्य विद्युल्लहरींना आणि दृश्य प्रकाशाला सारखाच प्रतिसाद देई. याच गॅलेनाच्या उपकरणाचें अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ सालीं मिळालें, आणि अर्धवाहक द्रव्याच्या उपकरणाचें तें जगांतील अगदीं आरंभींचें पेटंट मानलें जातें. पुढें रुप्यावर ब्रोमीनची प्रक्रिया करून त्यांनीं एक कृत्रिम दृष्टिपटल रचलें. त्यावर प्रकाश पाडून, प्रकाश गेल्यावर उरणाऱ्या परिणामाची तुलना त्यांनीं सजीव डोळ्याशीं केली. हे प्रयोग त्यांच्या १९०२ सालच्या सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादावरील ग्रंथांत विस्तारानें आले आहेत.

त्यांचें स्वागत कसें झालें? १० मे १९०१ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानाला श्रोत्यांनीं मान डोलावली. परंतु पुढच्याच महिन्यांत रॉयल सोसायटीपुढें तोच विषय मांडतांच बर्डन-सँडरसन यांसारख्या ज्येष्ठ शरीरशास्त्रज्ञांनीं हरकत घेतली. पदार्थविज्ञानाच्या माणसानें जीवशास्त्राच्या वाड्यांत पाऊल टाकूं नये, असा त्या हरकतीचा रोख होता. तो निबंध त्या वेळीं छापला गेला नाहीं. येथें एक खुलासा करणें प्रामाणिकपणाचें होईल. आजच्या प्रकाशस्मृतीच्या उपकरणांचा वंश थेट बोसांपर्यंत नेणें अतिशयोक्तीचें आहे. नंतरच्या संशोधकांनीं त्यांचें बोट धरून वाटचाल केली नाहीं. परंतु जड द्रव्यावर झालेला प्रकाशाचा संस्कार आणि डोळ्यावर झालेला संस्कार यांची एकाच मोजपट्टीनें तुलना करावी, ही कल्पना त्यांनीं निर्भयपणें मांडली, आणि ती या विषयाच्या पायाशीं आहे.

आतां हकीगतीचा दुसरा धागा हातीं घेऊं, तो मेंदूचा. १९४३ सालीं अमेरिकेंत मॅकलक् व पिट्स या दोघांनीं मेंदूंतील पेशींचें एक गणिती चित्र रेखाटलें. पेशी म्हणजे जणूं एक बटण. तिच्याकडे येणारे संदेश एका मर्यादेपलीकडे गेले म्हणजे ती पेटते, नाहीं तर गप्प बसते. दोन वर्षांनीं, जून १९४५ मध्यें, जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानें नव्या संगणकाचा जो मसुदा लिहिला, त्यांत त्यानें यंत्राच्या भागांना अवयव म्हटलें, सांठवणाच्या भागाला स्मृति म्हटलें, आणि मॅकलक् व पिट्स यांच्या पेशींचा आधार घेतला. म्हणजे आजच्या संगणकाची भाषा मेंदूवरूनच आली. परंतु रचना मात्र उलट झाली. त्या मसुद्यांत गणित करणारा अवयव निराळा आणि स्मृति ठेवणारा अवयव निराळा. पुढील बहुतेक सर्व संगणक याच आराखड्यावर बांधले गेले.

या वाटणींत काय बिघडलें तें घरगुती उदाहरणानें सांगतों. एका सोनाराची पेढी एका आळींत आहे आणि तिजोरी दुसऱ्या आळींत. प्रत्येक मण्यासाठीं त्यानें उठावें, तिजोरीपर्यंत जावें, मणी आणावा, ओवावा, आणि परत ठेवावयास जावें. सोनार कितीहि चलाख असला तरी त्याचा दिवस रस्त्यांतच जाणार. संगणकांत हीच येरझार विजेच्या रूपानें चालते, आणि वेळ व शक्ति यांचा मोठा भाग तींत खर्च होतो. मेंदूची व्यवस्था निराळी आहे. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. एक पेशी दुसरीला जेथें भेटते त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात, आणि अशा सांध्यांची संख्या कोटीला कोटीनें गुणावें अशा कोटींतली आहे. संदेश पुढें जातो तो या सांध्यांतून, आणि आठवण राहते तीहि या सांध्यांतच. डोनाल्ड हेब या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञानें १९४९ सालीं मांडलें, कीं दोन पेशी वारंवार एकत्र जाग्या झाल्या तर त्यांमधील सांधा बळकट होतो. शेतांतून जाण्यायेण्यानें पाऊलवाट पडावी तसें हें आहे. पेढी आणि तिजोरी एकाच चौरंगावर असल्यामुळें हा सगळा संसार अवघ्या वीस वॅटमध्यें चालतो. घरांतला लहानसा दिवाहि कधीं कधीं याहून जास्त वीज खातो.

हे दोन धागे प्रथम एकत्र आले ते अमेरिकेंतील बफेलो शहरीं. कॉर्नेल विद्यापीठाच्या तेथील वैमानिक प्रयोगशाळेंत फ्रँक रोझेनब्लाट नांवाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानें ‘परसेप्ट्रॉन’ म्हणजे पाहून शिकणाऱ्या यंत्राची कल्पना १९५७ सालीं मांडली. १९५८ च्या जुलैंत तिचा पहिला देखावा एका मोठ्या संगणकावर करून दाखविण्यांत आला. डावीकडे खूण असलेलें कार्ड आणि उजवीकडे खूण असलेलें कार्ड यांतला भेद तो पन्नासएक प्रयत्नांत शिकला. आरमाराच्या पैशावर चाललेलें हें काम; वृत्तपत्रांनीं लगेच भाकित केलें, कीं हें यंत्र पुढें चालेल, बोलेल, लिहील आणि त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवहि होईल. १९६० सालीं त्याच्यासाठीं खास बांधलेलें यंत्र पुरें झालें. त्याच्या डोळ्यांत वीस ओळी आणि वीस रांगा मिळून ४०० फोटोसेल होते. आणि स्मृति? आपल्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणारें जें बटण असतें, तशा बटणांचा तांडा भिंतीसारखा उभा होता, आणि प्रत्येक बटण फिरविण्यास एक लहान विजेची मोटर होती. यंत्राचें उत्तर चुकलें कीं मोटरी घरघरत आणि बटणें थोडथोडीं फिरत. हेबचा सांधा येथें पितळ-तांब्याचा झाला होता.

या यंत्रांतली एक गंमत त्या वेळीं कोणाच्या लक्षांत आली असेल असें वाटत नाहीं. त्याचे फोटोसेल कॅडमियम सल्फाइडचे होते. हेंच द्रव्य त्या दशकांत कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकांत आलें, आणि छायाचित्रकारांची त्याविषयीं एक ठरीव तक्रार असे. मापक चुकून सूर्याकडे वळला कीं पुढें कांहीं वेळ त्याचा कांटा खोटें सांगे, कारण मघांचा प्रखर उजेड तो विसरत नसे. कारखानदार या खोडीला स्मृतिदोष म्हणत आणि ती घालविण्याची शिकस्त करीत. म्हणजे परसेप्ट्रॉनच्या डोळ्यांत जात्याच एक स्मृति होती, आणि तिचा उपयोग न करतां शेजारीं मोटरींची भिंत उभारली गेली होती. दृष्टि आणि स्मृति यांची ताटातूट येथेंहि सुटली नाहीं.

परसेप्ट्रॉनचा पुढील इतिहास दुःखाचा आहे. १९६९ सालीं मिन्स्की व पेपर्ट यांनीं ग्रंथ लिहून अशा एकपदरी यंत्राच्या मर्यादा गणितानें सिद्ध केल्या. टीका खरी होती. पण दिलेलीं आश्वासनें इतकीं मोठीं होतीं, कीं लोकांनीं मर्यादेबरोबर मूळ कल्पनाहि टाकून दिली. पैसा आटला. ११ जुलै १९७१ रोजीं, आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशीं, रोझेनब्लाट चेसापीकच्या उपसागरांत नौकेच्या अपघातांत बुडून मरण पावला. आपल्या कल्पनेला पुन्हां आलेले दिवस त्यानें पाहिले नाहींत.

पण तेंच १९७१ साल या विषयांत आणखी दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कॅलिफोर्नियांतील लिऑन चुआ यांनीं त्या वर्षीं निव्वळ गणिताच्या बळावर असें प्रतिपादन केलें, कीं रोध, धारित्र आणि प्रेरकत्व या तीन जुन्या घटकांखेरीज विजेचा एक चौथा घटक असला पाहिजे. आपल्यांतून किती प्रवाह वाहून गेला याची तो नोंद ठेवील आणि त्याप्रमाणें त्याचा रोध बदलेल. स्मृति ठेवणारा रोध, म्हणून त्यांनीं त्याला ‘मेमरिस्टर’ म्हटलें. प्रत्यक्ष पदार्थाशीं या गणिताची गांठ घालून देण्याचा दावा ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेनें २००८ सालीं टायटॅनियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थरावरून केला.

दुसरी गोष्ट इंटेल कंपनींतली. डॉव्ह फ्रोमान यानें अशी स्मृतीची चिप बनविली, कीं जिच्यांत मजकूर विजेनें लिहावयाचा आणि प्रकाशानें पुसावयाचा. चिपच्या आंत प्रत्येक अक्षरासाठीं जणूं चोहोंकडून तटबंदी असलेलें एक बेट असे. त्यावर इलेक्ट्रॉन अडकवून ठेवले कीं ते वर्षानुवर्षें तेथेंच राहत. त्यांना सोडवावयाचें तर चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची लहान खिडकी ठेवलेली असे. तींतून जंबुपार किरण, ज्यांना आतां अतिनील म्हणतात, सुमारें वीस मिनिटें आंत सोडीत. किरणांनीं दिलेल्या जोरावर इलेक्ट्रॉन तट ओलांडून जात आणि पाटी कोरी होई. त्या काळच्या यंत्रांतून ज्यांनीं काम केलें आहे, त्यांना खिडकीवर चिकटविलेला तो कागदाचा तुकडा आठवत असेल. सूर्यप्रकाशानें लिहिलेलें पुसलें जाऊं नये म्हणून तो बंदोबस्त होता. प्रकाशाच्या हुकमतींतली ही पहिली व्यापारी स्मृति. मात्र तींत प्रकाशाचें काम फक्त पुसण्याचें होतें, आणि पुसणेंहि सगळें एकदम. शिकणाऱ्याला थोडें पुसावें लागतें, थोडें ठेवावें लागतें.

पुढल्या दहा-पंधरा वर्षांत मेंदूची कल्पना पुन्हां मान वर काढूं लागली. जॉन हॉपफील्ड यांनीं १९८२ सालीं पेशींच्या जाळ्याचें नवें गणित मांडलें. त्याबद्दल त्यांना २०२४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक जेफ्री हिंटन यांच्याबरोबर मिळालें. हॉपफील्डच्या जाळ्याला प्रकाशाचें शरीर देण्याचें काम नबील फरहात, डेमेट्री साल्टिस आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८५ सालीं केलें. ३२ पेशी, त्यांच्या जागीं ३२ लहान दिवे, समोर प्रकाशग्राहक, आणि मध्यें कमीजास्त पारदर्शक अशी एक फिल्म. संदेश प्रकाशाचे झाले. पण आठवण फिल्मवर गोठलेली राहिली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत कार्व्हर मीड आणि त्यांची शिष्या मिशा महोवाल्ड यांनीं सिलिकॉनवर कृत्रिम दृष्टिपटल रचलें. डोळा नुसतें चित्र घेत नाहीं. कडा ठळक करणें, एकसारखा उजेड गाळून टाकणें, असा अर्धा विचार तो तेथेंच उरकतो, हें महोवाल्ड यांच्या दृष्टिपटलानें करून दाखविलें. १९९६ सालीं अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. मेंदूसारखें यंत्र या सबंध शाखेला आज जें नांव आहे तें मीड यांनीं रूढ केलेलें.

आतां प्रकाशानें लिहिणें आणि प्रकाशानेंच पुसणें, ही शेवटची पायरी. तिच्याकडे दोन वाटांनीं लोक गेले.

पहिली वाट स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की या विलक्षण माणसानें घालून दिली. त्याची कॉलेजची पदवी नव्हती. तो ओहायोंतल्या यंत्रशाळेंतला कारागीर. १९५० नंतरच्या दशकांत त्याला मेंदूच्या रचनेचा ध्यास लागला आणि मज्जापेशीसारखें वागणारें विजेचें बटण करण्याच्या नादांत तो कांचेसारख्या अस्ताव्यस्त द्रव्यांकडे वळला. १९६८ सालीं त्यानें दाखविलें, कीं अशीं द्रव्यें एका क्षणांत एका स्थितींतून दुसरींत जातात. गृहिणींना हें वेगळ्या रूपांत ठाऊक आहे. साखरेचा पाक एकदम थंड केला तर त्याची कांचेसारखी पारदर्शक गोळी होते. सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे स्फटिक धरतात. साखर तीच, स्थिति दोन. टेलुरियम, जर्मेनियम आणि अँटिमनी यांच्या मिश्रणांत हेंच घडतें, आणि तें घडवावयास लेसरचा एक क्षणाचा झोत पुरतो. पुन्हां पुन्हां लिहितां येणाऱ्या ज्या चकत्या १९९७ च्या सुमारास घरोघर आल्या, त्या याच तत्त्वावर चालत. पुढें हरीश भास्करन, व्होल्फ्राम पर्निस आणि डेव्हिड राइट यांच्या ऑक्सफर्ड, जर्मनी व एक्झिटर येथील मंडळींनीं हें द्रव्य चिपवरील प्रकाशाच्या पाटावर बसविलें. कांचेची स्थिति असेल तर प्रकाश सुखानें पुढें जातो. स्फटिक असेल तर बराचसा शोषला जातो. आणि दोहोंच्या मधल्या स्थितीहि साधतां येतात. २०१५ सालीं त्यांनीं यावर स्मृति करून दाखविली, २०१७ सालीं सांधा, आणि २०१९ सालीं स्वतः शिकणारें जाळें.

दुसरी वाट दोषांची. दूरचित्रवाणीच्या पडद्यांत जस्त, इंडियम व गॅलियम यांच्या ऑक्साइडचे थर वापरूं लागले, तेव्हां एक जुनी तक्रार नव्यानें उभी राहिली. उजेड पडला कीं थराची वाहकता वाढते आणि उजेड गेल्यावरहि ती तासन् तास पूर्ववत् होत नाहीं. स्फटिकांत ऑक्सिजनच्या अणूची जागा मध्येंच रिकामी असते. प्रकाशानें तेथील इलेक्ट्रॉन सुटतात आणि परत घरीं यावयास त्यांना वेळ लागतो, असें त्याचें कारण सांगतात. पडद्याच्या कारखानदाराला ही डोकेदुखी. पण मेंदूचा विचार करणाऱ्याला तींत सांध्याचें प्रतिबिंब दिसलें. एक झोत टाकला तर आठवण लवकर विरते. तोच झोत पुनःपुन्हां टाकला तर ती खोल रुजते. पाढे पाठ करणाऱ्या मुलाची रीत तीच.

या वाटेवरचें एक ठळक काम ऑस्ट्रेलियांत मेलबर्नच्या आर.एम.आय.टी. विद्यापीठांत झालें. तैमूर अहमद, शरत श्रीराम, सुमीत वालिया आणि त्यांचे सहकारी यांनीं काळा फॉस्फरस निवडला. फॉस्फरस या नांवाचा मूळ अर्थच प्रकाश वाहून आणणारा. त्याचें काळें रूप ब्रिजमन यानें प्रचंड दाबाखालीं १९१४ सालीं प्रथम तयार केलें. पुढें शंभर वर्षांनीं, २०१४ च्या सुमारास, त्याच्या अतिशय पातळ पापुद्र्यांकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या लोकांचें लक्ष गेलें. परंतु एक मोठी अडचण निघाली: हवा लागली कीं पापुद्रे गंजतात. जगभर त्यांना गंजूं न देण्याचे उपाय चालले असतां या मंडळींनीं गंजलेल्या ठिकाणींच प्रकाश टाकून पाहिला. जंबुपार किरणांच्या एका लहरीनें विद्युत्प्रवाह वाढतो आणि दुसऱ्या लहरीनें तो घटतो, असें त्यांना आढळलें. म्हणजे एका रंगानें लिहावें आणि दुसऱ्यानें पुसावें. विजेनें पुसण्याची गरज नाहीं. या गुणावर उभारलेली, सर्वस्वीं प्रकाशाच्या आज्ञेंत चालणारी स्मृति त्यांनीं २०२० सालीं जाहीर केली. जेथें प्रकाश दिसतो तेथेंच तो लक्षांत राहतो, आणि जेथें लक्षांत राहतो तेथेंच त्याची छाननी होते. पेढी आणि तिजोरी एका चौरंगावर आलीं.

हें ऐकून कोणाला वाटेल, कीं आतां कृत्रिम मेंदू दाराशीं येऊन ठेपला. तसें समजणें म्हणजे १९५८ सालच्या वृत्तपत्रांची चूक पुन्हां करणें होय. २०१९ सालच्या त्या गाजलेल्या प्रकाशजाळ्यांत पेशी होत्या ४ आणि सांधे ६०. त्यांच्याशेजारीं ८,६०० कोटींचा आंकडा ठेवून पाहावा म्हणजे अंतर कळेल. प्रकाशाची लहर विजेच्या आजच्या घटकांहून लांब असल्यामुळें प्रकाशाचीं उपकरणें फार लहान करतां येत नाहींत. दोषांवर उभारलेल्या उपकरणांत प्रत्येकाचा दोष थोडा निराळा, त्यामुळें हजारों उपकरणें सारखीं वागतील अशी हमी देणें कठीण जातें. आणि जी आठवण आपोआप विरते ती हवी तेव्हां टिकविणें, व जी टिकते ती हवी तेव्हां पुसणें, या दोहोंचा तोल साधणें हें अजून कामच आहे. रोझेनब्लाटच्या कल्पनेचें मरण तिच्या उणेपणानें ओढवलें त्याहून अधिक तिच्याविषयींच्या बढाईनें ओढवलें, हें या क्षेत्रांतल्या मंडळींनीं विसरूं नये.

तरीहि या हकीगतींतून मला जें सांगावेंसें वाटतें तें निराळें आहे. स्मिथची कांडी लहरी ठरली, कारण त्याला स्थिर रोध हवा होता. बोसांचें उपकरण थकलें, तेव्हां त्यांच्या टीकाकारांना तो विषय त्यांच्या अधिकाराबाहेरचा वाटला. छायाचित्रकाराचा मापक मघांचा सूर्य विसरेना, म्हणून तो वाईट ठरला. पापुद्रा गंजला, म्हणून तो टाकाऊ ठरला. द्रव्य प्रत्येक वेळीं एकच गोष्ट सांगत होतें: माझ्यावर जें घडलें त्याची खूण मी ठेवलेली आहे. ऐकणाराचा प्रश्न बदलला तेव्हां कोठें तें बोलणें उत्तर म्हणून कानीं पडलें. प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं ज्या मापाला कांटा एका जागीं राहत नाहीं तें माप वहींतून खोडण्यापूर्वीं खिडकीकडे एकदां पाहावें. कदाचित् कोणी झांकण सरकविलेलें असेल.